विश्लेषण : पार्किंग नकाशात, गाड्या रस्त्यावर, व्यापारी संकुलांमुळे कोंडी का होते?

बाजारपेठेतला जुना वाडा पडतो, तिथे चार मजली व्यापारी संकुल उभे राहते आणि काही महिन्यांत समोरचा रस्ता जेमतेम एका गाडीपुरता उरतो. तालुक्याच्या अनेक शहरांत हेच चित्र आहे. दोष वाहनचालकांच्या बेशिस्तीला दिला जातो. पण कोंडीची सुरुवात बांधकाम परवानगीच्या फाइलमध्येच होते.

नियम काय सांगतो?

डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबईसह काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू आहे. दुकाने, कार्यालये, हॉटेल, रुग्णालय अशा प्रत्येक वापरासाठी किती कार आणि किती दुचाकींची जागा हवी, हे त्यात ठरवून दिले आहे. म्हणजे नियम आहे आणि मंजूर नकाशात पार्किंगही असते.

मग गाड्या रस्त्यावर का?

याचे उत्तर जागेच्या भावात आहे. उभ्या कारला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे 12.5 चौरस मीटर जागा लागते. वळायची जागा, मार्गिका व उतार धरून दिल्लीच्या 2021च्या बृहत् आराखड्याने तळघरात एका कारमागे 32 चौरस मीटर धरले आहेत. तेवढ्यात एक चांगला गाळा होतो. त्यामुळे भोगवटा प्रमाणपत्र हाती पडले की तळघरात गोदाम, जिम किंवा क्लास सुरू होतो. तपासणी एकदाच होते, वापर मात्र वर्षानुवर्षे चालतो.

परवानगीत काय सुटते?

नियमात जागा मोजली जाते, ये-जा नाही. कार्यालयातली दुचाकी दिवसभर एका जागी असते. क्लासची बॅच सुटली की शेकडो मुले एकाच वेळी बाहेर पडतात. मंगल कार्यालयाची गर्दी मुहूर्ताच्या वेळेला उसळते. मालाचा टेम्पो तर रस्त्यावरच रिकामा होतो. 20 हजार चौरस मीटर व त्यापुढच्या बांधकामांना 2006च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात वाहतुकीवरील परिणामाची माहिती द्यावी लागते. लहान शहरांतली बहुतेक संकुले या मर्यादेच्या आतच राहतात. अशी दहा संकुले एका रस्त्यावर आली, तरी त्यांचा एकत्रित भार कोणी मोजत नाही.

शुल्क घ्यावे का?

संकुलात पैसे आणि रस्त्यावर फुकट, असे असेल तर गाडी रस्त्यावरच लागणार. तेलंगणाने 2018 मध्ये मॉलमधील पहिली 30 मिनिटे मोफत केली, ती यासाठी उपयोगी आहेत. 2006च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही पार्किंग शुल्कात जमिनीची किंमत दिसावी, असे म्हटले आहे. शुल्कामुळे गिऱ्हाईक तुटेल, ही व्यापाऱ्यांची भीती समजण्यासारखी आहे. पण दुकानासमोरची जागा बरेचदा मालक व कामगारांच्याच गाड्या दिवसभर अडवतात. तासाला शुल्क लावले, तर ती जागा गिऱ्हाइकालाच मिळेल.

नगरपरिषदेने काय करावे?

मंजूर नकाशातील पार्किंगची जागा संकुलाच्या दर्शनी भागात फलकावर लावायला सांगावी, म्हणजे नागरिकांनाही ती तपासता येईल. दरवर्षी तळघरांची पाहणी करावी. वापर बदललेला आढळल्यास नगर रचना अधिनियम, 1966च्या कलम 53 नुसार नोटीस द्यावी. क्लास आणि मंगल कार्यालयांना परवानगी देताना गर्दीच्या वेळेचा हिशेब मागावा. मालाच्या टेम्पोंना सकाळची वेळ ठरवून द्यावी.

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, कोट्यवधींच्या बहुमजली वाहनतळाचीही नाही. दाखवलेली जागा आधी मोकळी करायला हवी. ते न करता फक्त रस्त्यावरच्या दुचाकी उचलल्या, तर दंड ग्राहक भरेल, तळघराचे भाडे मालक घेईल आणि रुग्णवाहिका कोंडीतच अडकलेली राहील.