कार्ड हाती, इलाज दूर

जबलपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या महामार्गावर तीस-पस्तीस किलोमीटरवर शहपुरा आहे. (दिंडोरी जिल्ह्यातील शहपुरा निराळे.) भिटौनी हे त्याचे रेल्वे स्थानक, भोवतालचा मुलूख मटारच्या पिकासाठी ख्यातनाम. मोठ्या शहराच्या छायेतील अशा तहसील-गावांचे रूप आज देशभर झपाट्याने पालटत आहे. महामार्ग रुंदावतो, शेतांचे भूखंड पडतात, दुकाने, गॅरेजे, खासगी शाळा उभ्या राहतात. आणि खेड्यांतून निघालेली परंतु शहरात न सामावलेली माणसे तेथे घर करतात. या माणसांना परवडेल असा आरोग्य विमा कोठे मिळेल, हा प्रश्न वरवर पाहता विमा एजंटाच्या अखत्यारीतला वाटेल. वस्तुतः तो वर्गीय प्रश्न आहे.

जबलपूर शहराकडेच पाहावे. १९०४ मध्ये सुरू झालेला तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना येथील कामगारांच्या कित्येक पिढ्यांना कारखान्याचे स्वतंत्र रुग्णालय लाभले. संघटित बळाचे ते फळ होते. शहपुऱ्यासारख्या गावातील गॅरेजात मात्र दोन-तीन मदतनीस असतात, आणि मंडईतला हमाल कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. कर्मचारी राज्य विमा योजना सामान्यतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच बंधनकारक. १९४८ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी ही अट शाबूत आहे. छोट्या आस्थापनांना स्वेच्छेने सामील होण्याची मुभा आहे खरी; परंतु वेतनाच्या सव्वातीन टक्के वर्गणी भरण्यास मालक आपण होऊन पुढे येईल, ही अपेक्षा भाबडी म्हणावी लागेल.

मग उरते ‘आयुष्मान भारत’. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळतात. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतील यादीला मध्य प्रदेशाने ‘संबल’मधील असंघटित मजुरांची आणि धान्याची पात्रता पर्ची असलेल्या कुटुंबांची जोड दिली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, कार्ड मिळू लागले. या गोष्टींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण पर्ची नसलेला किरकोळ दुकानदार, तुटपुंज्या पगारावर राबणारी खासगी शाळेतील शिक्षिका, औषध दुकानातील नोकर यांनी काय करावे? सत्तरीची वाट पाहावी? नीती आयोगाच्याच ऑक्टोबर २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील किमान तीस टक्के लोकांना, म्हणजे सुमारे चाळीस कोटींना, आजारपणाच्या खर्चापासून कसलेच संरक्षण नाही. या ‘हरवलेल्या मधल्या थरा’साठी आयोगाने सुचविलेला मुख्य उपाय कोणता? व्यापारी विम्याचा बाजार वाढविणे!

त्या बाजाराचा इतिहास ताजाच आहे. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विमा राष्ट्राच्या मालकीचा झाला. १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आले ते याच सार्वजनिक कंपन्यांकडून. १९९९ च्या कायद्याने खासगी भांडवलाला दार उघडले, आणि परकीय गुंतवणुकीची २६ टक्क्यांची मर्यादा २०२१ पर्यंत ७४ वर नेण्यात आली. या व्यवहाराची रीत अशी की वय वाढेल तसा हप्ता चढतो. म्हणजे कमाई घटू लागते नेमक्या त्याच वेळी. जुना आजार असेल तर तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. साठीपुढच्या विमेदारांचा हप्ता आपल्याला विचारल्याविना वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असे नियामकाला जानेवारी २०२५ मध्ये बजावावे लागले, यावरूनच दर कसे चढत होते ते ध्यानी येते. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरील अठरा टक्के कर रद्द झाला. कर गेला, हप्ता राहिला.

परंतु ज्याच्या हाती कार्ड आहे त्याची तरी चिंता मिटली काय? कार्ड चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. मधुमेहाची रोजची गोळी, तपासणीची फी, जबलपूरला जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी यांपैकी काहीच त्यात बसत नाही. आणि कष्टकऱ्याचे घर पोखरले जाते ते याच खर्चाने. शिवाय निधी सार्वजनिक आणि खाटा खासगी, या व्यवस्थेची दुसरी बाजू जबलपूरनेच पाहिली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील एका खासगी रुग्णालयालगतच्या हॉटेलात आयुष्मान कार्डधारकांना रुग्ण म्हणून ठेवल्याचे छाप्यात आढळले. याउलट ज्या सरकारी सामुदायिक आरोग्य केंद्रांवर तहसील-गावांची भिस्त, तेथे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व फिजिशियन यांची तूट केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागात जवळजवळ ऐंशी टक्के होती. डॉक्टर नाही म्हणून रोग वाढतो, रोग वाढला म्हणून रुग्ण दाखल होतो, आणि दाखल झाला म्हणजे विमा ‘यशस्वी’ ठरतो!

मधल्या थराला सामावून घेणे अशक्य आहे, असेही नाही. महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पाच लाखांच्या मर्यादेसह सर्व शिधापत्रिकाधारकांना, पांढऱ्या कार्डासकट, लागू केली. तेथेही दाखल होण्याची अट आहेच. म्हणून शहपुऱ्याच्या रहिवाशांची मागणी दुहेरी असावयास हवी : उत्पन्नाची चाळणी न लावता प्रत्येक घराला कार्ड, आणि तहसिलीच्या केंद्रात तज्ज्ञ, औषधे व तपासण्या. पैसे कोठून येणार, हा प्रश्न लगेच पुढे केला जाईल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. करोना साथीच्या २०२१-२२ या वर्षातही तो १.८४ टक्क्यांपर्यंतच पोचला होता.