बाकावर कोणीं बसावें?

दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली कीं ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील घराघरांतून सहलीच्या गोष्टी निघूं लागतात. पूर्वीं या गोष्टींत माथेरान, टिटवाळा, फार झालें तर महाबळेश्वर, एवढींच नांवें येत. हल्लीं तीं मागें पडून, ज्यास क्रीडोद्यान म्हणावें परंतु सर्व लोक ज्यास थीम पार्क म्हणतात, अशा स्थळाचें नांव प्रथम निघतें. १९८९ सालीं गोराईस एस्सेलवर्ल्ड सुरू झालें. आज जे पालक आहेत त्यांपैकीं कित्येकांनीं आपल्या शाळकरी वयांत लाँचमध्यें बसून खाडी ओलांडली आणि तें पाहिलें. पुढें २०१३ सालीं खालापूर तालुक्यांत खोपोलीनजीक इमॅजिका निघालें, आणि कल्याणकडील मंडळींस तर तें जणूं अंगणांतच आलें; कारण कल्याणाहून खोपोलीस जाणारी आगगाडीची वाट १८५६ पासून आहे. (त्या काळीं बोरघाटांतील लोहमार्ग व्हावयाचा होता, म्हणून पुण्यास जाणारे उतारू खोपोलीस उतरून पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून घाट चढत. आजचे उतारू तेथें उतरतात ते पैसे देऊन उंचावरून खालीं पडण्याकरितां!)

या सहलींत एक विशेष आहे. ती नुसती आईबापांची व मुलांची नसते. तिच्यांत आजीआजोबा असतात, काकाकाकू असतात, आत्या व तिचे यजमान असतात, कॉलेजांत जाणारी एकदोन भावंडें असतात, आणि या सर्वांच्या मध्यभागीं तीनचार वर्षांचें एक लहान मूल असतें. आपल्या या तीन गांवांची घडणच अशी झाली आहे कीं, एका चुलीवरचें कुटुंब आतां तीन स्टेशनांवर विभागलें गेलें आहे. थोरला कल्याणास, धाकटा डोंबिवलीस, बहीण ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर; आईवडील कांहीं महिने एकाकडे, कांहीं महिने दुसऱ्याकडे. सकाळची लोकल आणि रात्रीची लोकल यांच्या मध्यें जें आयुष्य उरतें, त्यांत भावाभावांची भेट व्हावयाची ती गणपतींत किंवा लग्नमुंजींत, आणि तीही पंगतीच्या गडबडींत. तेव्हां सुटींतील हा एक दिवस म्हणजे एका दिवसापुरतें पुन्हां उभें केलेलें एकत्र कुटुंबच होय. म्हणून त्या दिवसाचा विचार आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं.

आणि त्या दिवशीं प्रत्यक्ष काय घडतें? दहा माणसें एका दरवाजानें आंत जातात. अर्ध्या तासांत त्या दहांचे तीन तट पडतात. तरुण मंडळी सर्वांत उंच झुल्याच्या रांगेंत. पुरुष मंडळी त्यांच्या मागोमाग, 'मुलांवर लक्ष असावें' या सबबीवर. आणि एका झाडाखालच्या बाकावर आजी, लहान मूल, मुलाची आई किंवा काकू, व भोंवतीं सर्वांच्या पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या आणि ओले टॉवेल. दुपारीं बारा वाजतां तो बाक जसा दिसतो तसाच तो चार वाजतांही दिसतो. मूल मात्र मध्यंतरीं दोनदां रडून एकदां झोपलेलें असतें. अशा कोणत्याही उद्यानांत जाऊन पाहावें. असे बाक ओळीनें आढळतील, आणि त्यांवर बसलेल्यांत पुरुष थोडेच दिसतील. त्या आजीचेंही तिकीट दरवाजावर काढलेलें असतें. चपला राखण्याकरितां तिकीट काढावें लागतें असें दुसरें ठिकाण आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

गंमत अशी कीं, या उद्यानांची कल्पनाच मुळीं एका बाकावर सुचली. वॉल्ट डिस्ने हा अमेरिकेंतील प्रख्यात चित्रपटकार आपल्या दोन मुलींस सुटीच्या दिवशीं लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कांत फिरत्या घोड्यांवर बसविण्यास नेत असे. मुली घोड्यांवर, आणि बाप बाकावर शेंगा खात बसलेला. मुलांनीं खेळावें व वडील माणसांनीं नुसतें बसून राहावें असें कां; दोघांसही एकत्र आनंद घेतां येईल अशी जागा कां असूं नये, हा विचार त्याच्या मनांत तेथें आला, असें त्यानें पुढें स्वतःच सांगितलें. १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें डिस्नेलँड उघडलें, त्याचें मूळ या विचारांत आहे. म्हणजे बाक रिकामा व्हावा म्हणून ज्या संस्थेचा जन्म झाला, तिच्यांत आपण आजीस नेतों आणि पुन्हां बाकावरच बसवितों!

याचें एक कारण आमच्या मतें तिकिटाच्या पद्धतींत आहे. मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेस जत्रा भरते. गुरांच्या बाजाराकरितां ती प्रसिद्ध आहे, आणि कल्याण भागांतील जुन्या पिढीच्या माणसांस ती चांगली ठाऊक आहे. जत्रेस दरवाजा नसतो. जो पाळण्यांत बसेल त्यानें पाळण्याचे पैसे द्यावे, जो गोडीशेव घेईल त्यानें गोडीशेवेचे द्यावे. आजी पाळण्यांत बसली नाहीं म्हणून कोणाचें कांहीं बुडत नाहीं, आणि ती कांहीं रिकामीही नसते. तिला देवाचें दर्शन असतें, घोंगडी-भांड्यांचा भाव करावयाचा असतो, माहेरच्या गांवचें कोणी भेटलें तर तासभर बोलावयाचें असतें. डिस्नेलँडांतही आरंभीं दरवाजाचे पैसे निराळे व खेळांचीं कूपनें निराळीं अशीच रीत होती. ती १९८२ सालीं बंद पडली. आतां बहुतेक ठिकाणीं दरवाजावरच एक रक्कम घेतात आणि आंत पाहिजे तितके खेळ खेळा म्हणतात. ऐकावयास ही उदारता वाटते. परंतु एवढी रक्कम भरली कीं ती वसूल करण्याची हांव सुटते. अमुक झुला राहिला, तमुक राहिला, रांग वाढण्याच्या आधीं पळा! या पळापळींत जो पळूं शकत नाहीं तो मागें पडतो. आणि दहांत न पळणारीं माणसें दोनच, सर्वांत म्हातारें व सर्वांत लहान.

दुसरें एक कारण आहे, तें लहान दिसतें पण आम्हांस मोठें वाटतें. अशा बहुतेक उद्यानांत बाहेरचें खाणें आंत नेऊं देत नाहींत. माथेरानच्या सहलींत आजीच्या डब्यास मान होता. दशम्या, लसणीची चटणी, लाडू हीं तिच्या पिशवींतून निघत, आणि तीं निघत म्हणून दुपारीं सर्वांस तिच्याभोंवतीं यावें लागे. आतां ज्याला जेव्हां भूक लागेल तेव्हां तो जवळच्या दुकानांतून वडा किंवा पिझ्झा घेऊन उभ्याउभ्या खातो. आजीच्या पिशवींत तिचें स्वतःचें असें कांहीं उरत नाहीं. जें असतें तें दुसऱ्यांनीं ठेवावयास दिलेलें.

लहान मुलाचा हिशेब तर अगदींच निराळा. त्यास पैसे वसूल करावयाचे नसतात. फिरत्या घोड्यांवर एकदां बसलें कीं त्याला पुन्हां त्याच घोड्यावर, त्याच पांढऱ्या घोड्यावर, बसावयाचें असतें. कारंजें, लांब दांड्याचा झाडू घेऊन फिरणारा नोकर, पाण्यावर पडलेलें पान, हीं सर्व त्याच्या दृष्टीनें उद्यानाच्या मालकानें त्याच्याचकरितां मांडलेलीं. चार वेळां घोडा आणि एक तास कारंजें एवढ्यावर त्याचा दिवस भरतो. त्याला तेथून ओढून 'अरे, एवढे पैसे दिले, दुसरेंही कांहीं बघ' असें म्हणणारे वडील पाहिले म्हणजे आम्हांस त्या मुलाचीच कींव येते. पाहावयास तें आलें आहे. दाखविण्याची घाई आपली आहे. दुपारीं दीड वाजतां तें रडूं लागतें तें हट्टीपणानें नव्हे. रोज त्या वेळीं तें घरीं झोपतें, एवढेंच.

उंचीच्या नियमाविषयींही येथें लिहिणें अवश्य आहे, कारण त्यावरून दारोदार वाद चाललेले असतात. पुष्कळ झुल्यांपाशीं उंचीची पट्टी लावलेली असते, आणि तिच्याहून बुटक्या मुलास आंत सोडीत नाहींत. 'आमचा बंड्या भीत नाहीं हो!' असें आजोबा पहारेकऱ्यास सांगतात. परंतु प्रश्न बंड्याच्या धैर्याचा नसतो. रोलर कोस्टरच्या गाडीस इंजिन नसतें. सांखळीनें तिला वर ओढून सोडून देतात, आणि मग उंचीचें रूपांतर वेगांत होत जातें. इमॅजिकांतील नायट्रो हा झुला सुमारें ४० मीटर उंच आहे. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें: घर्षण सोडून दिलें तर ४० मीटर खालीं येतांना वेग सेकंदास सुमारें २८ मीटर, म्हणजे तासास सुमारें १०० किलोमीटर होतो. अशा वेळीं शरीरास बैठकींत धरून ठेवणारा जो दांडा असतो, तो ठराविक उंचीच्या शरीरावर नीट बसतो. त्याहून लहान शरीर त्यांतून निसटूं शकतें. म्हणून पट्टी. आतां कित्येक उद्यानांत मुलाचें अर्धें तिकीटही वयावर नसून उंचीवरच ठरतें. त्यामुळें एकाच मुलास एकाच दिवशीं तिकिटाच्या खिडकीशीं 'गुडघे वांकव' आणि झुल्याच्या दाराशीं 'टाचा उचल' असें सांगणारे पालक आढळतात. मूल तीन वर्षांचें असलें तरी त्यास हें सारें कळतें.

मग करावें काय? कित्येक जाणते लोक सांगतात कीं, म्हाताऱ्यांस व लहानांस घरीं ठेवून जावें. मूल मोठें झालें म्हणजे त्याला न्यावें. हा सल्ला आम्हांस मुळींच पटत नाहीं. मूल दहा वर्षांचें होईल तेव्हां तें आजीचा हात सोडून पळेल, आणि त्या वेळीं आजीस खोपोलीपर्यंतचा प्रवास झेपेल असें कोणीं सांगावें? दोघांची चाल सारखी असते अशीं वर्षें फार थोडीं असतात. तीं घरीं बसून घालविण्याचीं नव्हेत.

आमची सूचना साधी आहे. बाकावर बसण्याच्या पाळ्या ठरवाव्या, आणि त्या गाडींत बसण्यापूर्वीं ठराव्या. झुला डोळ्यांसमोर आल्यावर ठरविलेली पाळी कोणी पाळीत नाहीं. पहिला तास काका, दुसरा कॉलेजांतील दादा, तिसरा आत्याचे यजमान. डिस्नेच्या उद्यानांत अशी सोय आहे कीं, लहान मूल बरोबर असेल तर अर्धी मंडळी झुल्यांत बसून येईपर्यंत उरलेलीं मुलाजवळ थांबतात, आणि मग त्यांस पुन्हां सबंध रांगेंत उभें न राहतां आंत सोडतात. आपल्याकडे जेथें जाल तेथें अशी सवलत मिळते काय हें दारावर विचारून घ्यावें. मोकळ्या झालेल्या आजीनें कोठें जावें, असा प्रश्न निघेल. 'तिला कांहीं आवडत नाहीं, ती आपल्या खुषीनें बसते' असें मुलगे सांगतात. परंतु तिला विचारलें होतें काय? अशा उद्यानांत संथ चालणाऱ्या गाड्या असतात, बसून पाहण्याचे खेळ असतात, अंधाऱ्या दालनांतलीं चलच्चित्रें असतात. साठ वर्षांची बाई नातवाला मांडीवर घेऊन छोट्या आगगाडींत बसली तर त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आजोबांचें तर बोलावयासच नको. एकदां कोणीं आग्रह केला कीं ते फिरत्या घोड्यावरून उतरावयास तयार नसतात.

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस आणि विद्यार्थिनींस येथें एक विनंती आहे. घरांतील धाकट्या भावंडास दोन तास संभाळण्याचें काम तुम्ही आपण होऊन मागून घ्या. मोठ्या झुल्याची रांग तासाची असते आणि प्रत्यक्ष झुला दोनतीन मिनिटांचा. त्या तासांत धाकटें भावंड तुम्हांस कारंज्याजवळ काय काय दाखवील तें तुम्ही रांगेंत उभे राहून पाहणार नाहीं. आणि त्या दोन तासांत तुमची आई, लग्नानंतर कदाचित् प्रथमच, आपल्या नणंदेबरोबर कोठें तरी हंसत फिरून येईल.

ज्यांच्या घरांतील मूल अगदींच लहान आहे, किंवा ज्यांस दहा जणांच्या तिकिटांचा खर्च जड वाटतो, त्यांनीं खोपोलीची घाई कशास करावी? ठाण्यास मानपाड्याकडे टिकुजीनीवाडी आहे. तेथें पाळणे व पाणी दोन्ही आहेत आणि संध्याकाळपर्यंत घरीं परततां येतें. तेंही नको असेल तर कल्याणचा काळा तलाव आहे, दुर्गाडी आहे, आणि ठाण्याची तलावपाळी तर सर्वांचीच आहे. मासुंदा तलावांत नावा चालतात, कांठावर भेळ मिळते, आणि दरवाजावर कोणी पैसे मागत नाहीं. तेथेंही बाक आहेत. परंतु ते तलावाकडे तोंड करून मांडलेले असल्यामुळें त्यांवर सारें घर एकदम बसतें, आणि जागा न मिळाल्यास उठावयाचें असतें तें तरुणांनीं.