कात्री फळीवर, सेल मुलाच्या हातात

पिंपळनेरमध्ये घरातल्या हस्तकलेचे वेळापत्रक शाळेपेक्षा सणच जास्त ठरवतात. श्रावणात कानबाईची सजावट, श्रावणी अमावास्येच्या पोळ्यासाठी मातीचे बैल, मग गणपतीची आरास, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई, दिवाळीला आकाशकंदील. अखाजीच्या आसपास शेतीची कामे थोडी सैल झाली की जुनी लुगडी बाहेर निघतात आणि ओट्यावर गोधडी पसरली जाते. पांझरेकाठच्या या गावात एकाच सतरंजीवर आजी, सून आणि नात बसून काहीतरी करत आहेत, हे दृश्य अजून दुर्मीळ झालेले नाही. मुलांच्या बोटांना त्याने वळण लागते, मोबाइल तेवढा वेळ बाजूला राहतो आणि म्हाताऱ्या माणसाला घरात काम मिळते. हे सगळे चांगले आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे.

पण या कामात सावधगिरी म्हणजे काय, याची घराघरांतली कल्पना मात्र जुनी राहिली आहे. घरात लहान मूल आले की कात्री आणि सुई फळीवर जाते. तेवढे केले की काळजी घेतली असे वाटते. कात्रीने झालेली जखम दिसते, रक्त येते, मूल रडते, घर धावते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सतरंजीवर आलेल्या ज्या वस्तू त्याहून घातक आहेत, त्या दिसायला निरुपद्रवी आहेत आणि त्यांची इजा आवाज करत नाही. दुसरीकडे, मोठ्या माणसाची मान आणि डोळे यांचा विचार तर सावधगिरीत धरलाच जात नाही. खरे तर सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण दोन तास वाकून बसलेल्या, डोळे ताणलेल्या माणसाचे शेजारच्या मुलाकडे लक्ष राहत नाही.

गोधडी शिवण्याची नेहमीची रीत बघावी. कापड जमिनीवर अंथरलेले, एक पाय दुमडलेला, दुसरा लांब, आणि पाठीची कमान करून नाक टाक्याजवळ नेलेले. माणसाचे डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलोचे. अमेरिकेतले मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रतिकृतीवरून हिशेब मांडला, की मान १५ अंश झुकली तर तिच्यावरचा भार सुमारे १२ किलो होतो आणि ६० अंश झुकली तर सुमारे २७ किलो. त्यांनी तो मोबाइलमध्ये मान घालून बसणाऱ्यांसाठी मांडला होता, आणि तो अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. तरी गोधडी शिवणारी मान तितकीच झुकते आणि मोबाइलवाल्यापेक्षा जास्त वेळ झुकून राहते.

यावर ‘टेबल-खुर्ची घ्या’ हा सल्ला परदेशी तक्त्यांमधून उचललेला आहे आणि तो इथे बहुतेक घरांत निरुपयोगी आहे. जमिनीवर बसण्यात मुळात काही वाईट नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तेवढे टाळावे. बदलायचे आहे ते कामाचे ठिकाण. डोळा कामापाशी नेण्याऐवजी काम डोळ्यापाशी आणले की अर्धा त्रास जातो. गोधडीचा शिवून झालेला भाग गुंडाळून, चालू भाग चौरंगावर किंवा खाटेच्या कडेवर घ्यावा आणि पाठ भिंतीला टेकवावी. अर्ध्या तासाने एकदा उठावे, मग ते चहासाठी का असेना. मातीचे बैल करतानाही हेच. माती पाटावर असली की माणूस तिच्यावर ओणवा होतो. तोच पाट उलट्या घमेल्यावर ठेवला तर मान बरीच वर येते.

उजेडाबाबत तर घराघरांत अन्याय चालतो. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे नातीला पुरणारा दिवा आजीला पुरत नाही. तिला तिप्पट उजेड लागतो. आणि संध्याकाळी त्याच खोलीत, त्याच एका दिव्याखाली सुईत दोरा ओवायला तिलाच बसवले जाते. बारीक काम सकाळी ओट्यावर करावे. रात्रीच करायचे असेल तर दिवा उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डावीकडून यावा, नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, त्याला चष्मा हाच उपाय आहे. दुसऱ्याचा जुना चष्मा नव्हे. मधुमेह असणाऱ्यांनी बोटात अंगुस्तान घालायलाच हवे. त्यांच्या बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि टोचलेली जागा लवकर बरी होत नाही. गंजकी सुई खोल टोचली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर दवाखान्यात जाऊन विचारावे.

आता मुलांकडे. सर्वांत मोठा धोका सध्या बटणाएवढ्या सेलचा आहे. दिवाळीला बाजारात येणाऱ्या पेटत्या-विझत्या पणत्या, चमचमत्या माळा, गाणारी शुभेच्छापत्रे, आणि शाळेच्या प्रकल्पात मुले जोडतात ते छोटे दिवे, या सगळ्यांत तो असतो. पुष्कळ पणत्यांच्या तळाचे झाकण नखाने उघडते. मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची खूण २०२१ पासून सक्तीची झाली, पण शोभेची पणती खेळणे म्हणून विकली जात नाही. ती मात्र घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाताशी, जमिनीवर ठेवली जाते. सेल असलेल्या प्रत्येक शोभेच्या वस्तूच्या झाकणाला स्क्रू असण्याची सक्ती व्हायला हवी. तोवर ते काम घरातल्या चिकटपट्टीने करावे.

सेल गिळला तर नाण्यासारखा आपोआप बाहेर पडेल, अशी समजूत आहे. नाणे बहुधा पडते. सेल, विशेषतः २० मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा, ज्यावर ‘२०३२’ हा आकडा असतो तो, लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. ओल्या अस्तराला दोन्ही ध्रुव लागले की विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ऋण ध्रुवापाशी कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली तयार होतो. सेल फुटून रसायन गळावे लागत नाही. पणती पेटवण्याच्या उपयोगाचा न राहिलेला ‘संपलेला’ सेलही यासाठी पुरेसा असतो. गंभीर भाजणे दोन तासांत होऊ शकते. अन्ननलिकेला, पुढे श्वासनलिकेला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला भोक पडू शकते. मूल लाळ गाळते, खात नाही, खोकते. कधी कधी काहीच करत नाही. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तितकीच घाई मागतो.

दोन तास हा आकडा पिंपळनेरसाठी शहरापेक्षा वेगळा आहे. इथून साक्रीमार्गे धुळे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. सेल दुर्बिणीने काढण्याचे काम धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणीच होण्याची शक्यता जास्त. तेव्हा ‘संध्याकाळपर्यंत वाट पाहू’, ‘केळं खाऊ घालू’ यात घालवलेला प्रत्येक अर्धा तास त्या दोन तासांतून वजा होतो. संशय आला की जवळच्या दवाखान्यात लगेच न्यावे, ‘सेल गिळला असावा’ हे शब्द स्पष्ट सांगावेत आणि एक्स-रेची मागणी करावी. एक्स-रेत सेल नाण्यासारखा दिसतो, पण त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ असते. सांगितले नाही तर ते नजरेतून सुटू शकते. उलटी करवू नये. अमेरिकेत डुकराच्या पिल्लांवर झालेले प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मधाने ही इजा कमी होते असे दिसले. आता तिथली विषबाधा केंद्रे एक वर्षावरील, गिळू शकणाऱ्या मुलाला, सेल गिळून बारा तास झाले नसतील तर, वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यायला सांगतात, जास्तीत जास्त सहा वेळा. मध घरात असेल तरच. तो आणायला कोणी दुकानात जाऊ नये आणि त्यासाठी गाडी थांबवू नये. १०८ ला फोन करावा, पण दारात दुसरी गाडी उभी असेल तर तीच काढावी.

दुसरी वस्तू झटपट चिकटणारा गोंद. दहा रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या त्या नळीबद्दल एक गोष्ट कापसाच्या मुलखात तरी सर्वांना ठाऊक असायला हवी. हा गोंद कापसावर किंवा सुती कापडावर पडला की रासायनिक क्रिया वेगाने होते, उष्णता निर्माण होते, कधी धूरही निघतो आणि खालची कातडी भाजते. कापसाचे ढग, कापसाची मेंढी, कापसाची दाढी हे तर शाळेच्या प्रकल्पांतले ठरलेले विषय. त्यांना साधा पांढरा गोंद किंवा घरची खळ पुरते. झटपट गोंदाने बोटे चिकटलीच तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू फिरवत सोडवावीत. डोळ्यात गेला तर पापण्या जोर लावून उघडू नयेत. पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. गोंदाच्या बंदुकीने किंवा कंदिलाच्या तापलेल्या दिव्याने भाजले तर वीस मिनिटे गार पाणी. नळाला पाणी नसेल त्या दिवशी बादलीतून तांब्या-तांब्याने ओतत राहावे. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काही लावू नये.

रंगांचे थोडे वेगळे आहे. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला ऑइलपेंट घरात वर्षानुवर्षे राहतो आणि मुलांच्या पणत्या, मडकी, मातीचे बैल त्यातच रंगतात. पिवळ्या आणि लाल-केशरी ऑइलपेंटमध्ये पूर्वी शिसे सर्रास असे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये घरगुती व शोभेच्या रंगांसाठी शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी केली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तेव्हा त्याआधीचा डबा, ज्यावर काही छापलेले उरले नाही तो डबा, आणि यंत्रांना किंवा ट्रॉलीला मारायचा रंग मुलांपासून दूर ठेवावा. मुलांच्या मेंदूच्या बाबतीत शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. मातीच्या वस्तूंना गेरू, खडू, हळद, नीळ हे रंग पुरेसे सुंदर दिसतात; पोळ्याचे बैल एकेकाळी गेरूतच रंगत होते.

गणपती घरी करण्याची हौस वाढली आहे, ती शाडूपुरती असेल तर उत्तमच. वाळलेल्या मातीची धूळ तेवढी झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये मात्र हात बुडवून ठसा घेण्याचा खेळ कधीही करू नये. पाणी घातले की ते घट्ट होताना तापते, साठ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, आणि तोवर हात आत अडकलेला असतो. इंग्लंडमध्ये २००७ मध्ये कलेच्या तासाला एका सोळा वर्षांच्या मुलीने हातांचा साचा करण्यासाठी ते प्लॅस्टरच्या बादलीत घातले आणि ती आपली बहुतेक बोटे गमावून बसली. ती बादली पाहून तिथे कोणालाही भीती वाटली नव्हती.

आणि आता शाळांबद्दल. बहुतेक पालकांची तक्रार अशी, की प्रकल्प आज सांगितला जातो आणि उद्या हवा असतो. मग रात्री नऊनंतर, कमी उजेडात, दमलेल्या आईच्या हातात कटर आणि झोपाळलेल्या मुलाच्या हातात थर्मोकोल, असा तो प्रकल्प पूर्ण होतो. थर्मोकोलच्या शोभेच्या वस्तूंवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी प्रदर्शनाच्या दिवशी वर्गात तो दिसतोच. गरम तारेने किंवा मेणबत्तीने तो कापताना निघणारा धूर खिडकी बंद असलेल्या खोलीत मुलांनी श्वासात घेऊ नये, हे शिक्षकांना माहीत नसते असे नाही. ते वहीत लिहून दिले जात नाही, इतकेच. ‘पालकांच्या मदतीने करा’ या तीन शब्दांच्या जागी किमान आठवडाभराची मुदत, आणि थर्मोकोल नको, बटण-सेल नको, झटपट गोंद नको, अशी एक ओळ लिहायला शाळेला पैसा लागत नाही.

जाता जाता त्याच शाळांना आणखी एक काम. बाजारातली साधी कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. डाव्या हातात ती धरली की वरचे पाते कापायची रेघ झाकते आणि अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर होतात. कागद कापला जात नाही, मूल जोर लावते, पाते घसरते, आणि वर ‘धड कात्रीही धरता येत नाही’ हे ऐकून घ्यावे लागते. डाव्या हाताची कात्री मागवली की मिळते, फार महागही नसते. वर्गात डावखुरी मुले किती, हे हजेरीपटावर नसते. कागदाची एक घडी कापायला सांगितली की पाच मिनिटांत कळते.