टाचणवहीचें पहिलें पद

टाचण काढल्यावांचून शिक्षकानें वर्गांत पाऊल टाकूं नये, हा अध्यापक विद्यालयांतील जुना दंडक आम्हांस मान्य आहे. कागद न वाचतां कोर्टांत उभ्या राहणाऱ्या वकिलाची फजिती आम्हीं पाहिली आहे. हर्बार्टच्या विचारांवरून त्याच्या जर्मन अनुयायांनीं जी पंचपदी बसविली, तिचें पहिलें पद मुलास आधींच ठाऊक असलेलें ज्ञान जागें करणें हें होय. आतां गोंदिया जिल्ह्यांत सालेकसा-देवरीकडील गोंडी बोलणाऱ्या मुलास काय ठाऊक असतें? पहाटे मोहफुलें वेंचणें आणि तेंदूपानें मोजून पुडकीं बांधणें. पुडक्यांवरून गुणाकार किती सहज शिकवितां येईल! पण टाचणांत छापील मार्गदर्शिकेंतील प्रस्तावनाच उतरली, आणि तीही पुस्तकी मराठींत विचारली, तर मूल गप्प बसणार व मठ्ठ ठरणार.

शिक्षकासच दोष देणें अन्यायाचें होईल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरवून दिले. पांच इयत्तांचीं टाचणें त्या दोघांनींच लिहावयाचीं. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमांत, शक्य तोंवर शिक्षणाचें माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असेंही आहे. ‘शक्य तोंवर’ या दोन शब्दांआड सरकारनें किती काळ दडावें? इंग्रजीविरुद्ध स्वभाषेचा कैवार घेणाऱ्या आम्हां मराठी जनांस गोंडी मुलाचा हा दावा परका वाटूं नये. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यानें वहीवरील सही पाहण्यापूर्वीं एखाद्या मुलास त्याच्या बोलींत प्रश्न घालावा, व तो घालतां येत नसेल तर पहिला शेरा स्वतःच्याच वहींत लिहावा.