भाडेकरू गेला, कर कोणाचा?

इंग्लंडमधले घर भाड्याने देऊन मायदेशी परतलेल्या मराठी मंडळींनी ध्यानात ठेवावे : तिथला 'कौन्सिल टॅक्स' आपल्या घरपट्टीसारखा मालकाच्या माथी नसतो. १९९२ च्या कायद्याने तो सहसा राहणाऱ्याने भरायचा. मात्र भाडेकरार संपून घर रिकामे झाले, की बिल मालकाच्या नावे निघते. आणि करार चालू असतानाच भाडेकरू निघून गेला तर? लीड्समधला असा वाद २०१६ साली अपील न्यायालयात गेला. सहा महिने 'व त्यानंतर दरमहा' असा एकच सलग करार असल्याने कर भाडेकरूंवरच राहिला. करारातल्या चार शब्दांची किंमत ती एवढी! भाडेकरूची नोटीस लेखीच घ्यावी, करार संपल्याची तारीख कौन्सिलला लगेच कळवावी. सामानाविना घर वर्षभर पडून राहिले, तर एप्रिल २०२४ पासून तिथली कौन्सिल दुप्पट कर लावू शकते.