फालतू गप्पांच्या बाजूने

दिवाळीला वणीला जाऊन आलो. पुण्याहून संध्याकाळची ट्रॅव्हल्स, रात्रभर मान वाकडी, उजाडताना यवतमाळ, आणि मग खिडकीतून कापूस बघत बसायचं. कोळशाचे ट्रक दिसायला लागले की समजायचं, आलं गाव. ज्यांना वणी माहीत नाही त्यांच्यासाठी: लोकनायक बापूजी अणे इथले. एवढं सांगून झालं की आम्ही वणीकर उन्हाळ्याच्या विषयाकडे वळतो.

तर भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री आम्ही चौघं एका गच्चीवर बसलो होतो. एक बँकेत आहे, एक कोळसा खाणीत, एक शाळेत मास्तर, चौथा मी. नावं घेत नाही, कारण उघड आहे. चौघंही गे. हे दोन शब्द टाईप करायला मला अर्धा कप चहा लागला. गच्चीवर ते कुणी उच्चारलेसुद्धा नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटेल, काय गूढ चाललं असेल. साडेनऊपासून आम्ही भांडत होतो ते यावर, की 'बेगम बर्वे'च्या मूळ संचात बर्वे कुणी केला. मास्तर म्हणे, दिलीप प्रभावळकर. बँकवाला म्हणे, "काहीही बोलून राह्यला का बे? चंद्रकांत काळे." मग गाडी 'अशी ही बनवाबनवी'वर (1988) आली. तो हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून (1966) घेतला हे सगळ्यांना माहीत होतं. पण 'बीवी और मकान' स्वतः 'जय माँ काली बोर्डिंग' नावाच्या बंगाली सिनेमावरून आला, हे मी सांगितल्यावर खाणवाल्याने असा चेहरा केला की जणू मी त्याचं घर परस्पर विकलं. त्यानंतर पार्वतीची (म्हणजे लक्ष्याची) साडी नेसायची पद्धत बरी की सुधाची (म्हणजे सचिनची), यावर पाऊण तास. मतदान झालं. दोन-दोन.

सोमवारी ऑफिसात हे एका मित्राला सांगितलं. चांगला माणूस आहे. जून महिन्यात आयकार्डाला सप्तरंगी पट्टा लावतो, माझ्यासाठी दोनदा लोकांशी भांडलाय. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इतक्या लांब जाऊन चौघं भेटलात आणि बोललात काय, तर साड्या? सिरीयस काहीच नाही? तुमचे एवढे प्रश्न आहेत, आणि हा एस्केपिझम!"

मी तेव्हा हसलो. राग संध्याकाळी आला, नेहमीप्रमाणे उशिरा. म्हणून हे लिहितोय.

मंडळी, वणीच्या कुठल्याही पानठेल्यावर संध्याकाळी जाऊन उभे राहा. 2011च्या फायनलला धोनी युवराजच्या आधी का आला, यावर आजही दीड तास निघतो. यवतमाळ जिल्हा आहे हा. कापसाचा भाव, कर्ज, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, प्रश्नांची कमतरता नाही. पण त्या पोट्ट्यांना थांबवून कुणी विचारतं का, की बाबांनो, एवढे प्रश्न असताना धोनी काय? नाही विचारत. दिवसभर राबून आलेल्या माणसाने चार टाळ्या देणं-घेणं हे त्याच्या हक्काचं मानलं जातं. आम्ही मात्र भेटलो की आधी कलम 377, मग आरोग्य, मग घरच्यांचा विरोध, असा अजेंडा घेऊनच बसलं पाहिजे. म्हणजे आमच्या जगण्यातलं जे दुखतं तेवढंच खरं, आणि ज्याने हसू येतं ते फालतू. हे ठरवलं कुणी? ज्याला आमच्याबद्दल सहानुभूती आहे त्याने. सहानुभूतीची ही एक गंमत असते, तिला समोरचा माणूस सतत रडताना हवा असतो.

आणि साड्यांबद्दल बोलायचंच तर जरा मागे जाऊ. मी लहान असताना टीव्हीवर, कॅसेटवर जे दिसायचं त्यात बाईच्या वेषातला पुरुष भरपूर होता. अत्र्यांची 'मोरूची मावशी' म्हणजे 'चार्लीज आँट'चं मराठी रूप, आणि त्यात विजय चव्हाण. अख्खं घर लोळून हसायचं. मीही हसायचो. त्याच घरात, त्याच आठवड्यात, माझे हात बोलताना जरा जास्त हलतात म्हणून एक काका मला "बायल्यासारखं काय करतो बे" म्हणून टपली मारायचे. स्टेजवर टाळ्या आणि अंगणात टपली. या दोन गोष्टी एकाच माणसाकडून कशा येतात हे कोडं मला आठव्या वर्षापासून सुटलेलं नाही.

महाराष्ट्राचं हे जुनंच आहे. बालगंधर्वांचं लुगडं, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना यांची नक्कल घराघरातल्या बायका करत. 2011मध्ये सुबोध भावेचा 'बालगंधर्व' आला तेव्हा माझे तेच काका थेटरात डोळे पुसत होते. (बालगंधर्वांच्या खासगी आयुष्याबद्दल मला काहीही सुचवायचं नाही. साडी नेसणारा प्रत्येक नट आपल्यात ओढायची काही जणांना सवय असते, ती मला अजिबात आवडत नाही.) आमच्या पलीकडे, वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेलं की झाडीपट्टी. तिथल्या खडी गंमतीत पुरुषच बाई होऊन नाचतो आणि लोक रात्रभर थंडीत बसून बघतात. पहाटे घरी गेल्यावर तो नाच्या पुन्हा टिंगलीचा धनी. 'नटरंग'मध्ये (2010) अतुल कुलकर्णीच्या गुणाचं जे होतं ते बघून पुण्यातल्या मल्टिप्लेक्समध्ये लोक हळहळले. आमच्याकडे ती बातमी नव्हती.

सतीश आळेकरांचा 'बर्वे' (1979) मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. संगीत नाटकात बारक्यासारक्या बायकी भूमिका करून संपलेला एक माणूस उदबत्त्या विकतो, आणि एका कारकुनाच्या स्वप्नात शिरून बायको होतो. त्यात विनोद आहे, पदं आहेत, आणि शेवटी पोटात गोळा येतो. या नाटकातला बर्वे कुणी केला यावर चार गे माणसं वणीत एका गच्चीवर भांडतात ते सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी, असं खरंच वाटतं का कुणाला?

आता वाचनालयाची गोष्ट. बारावीत असताना गावातल्या वाचनालयात तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हाती लागलं. एका मुलीवर प्रेम करणारी मुलगी, सुमित्रा. मी ते कपाटाला पाठ लावून उभ्याउभ्या वाचलं. घरी न्यायची हिंमत नव्हती, कारण तारीख टाकणारे गृहस्थ बाबांचे मित्र. पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर एकच सभासद क्रमांक चार वेळा होता. चार वेळा! कोण होतं ते, मला आजवर कळलेलं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, या गावात आणखी कुणीतरी आहे.

आम्ही प्रोग्रामर लोक ज्याला हँडशेक म्हणतो ना, दोन मशीन बोलण्याआधी एकमेकांना जो नमस्कार-चमत्कार करतात, तसं हे आहे. सगळे एकमेकांच्या बापाला ओळखतात अशा गावात "तू तसा आहेस का?" असं कोण विचारणार? पण "उंबरठा पाहिला का? त्या आश्रमातल्या दोन बायका आठवतात का?" हे विचारता येतं. समोरचा म्हणाला, "हो, स्मिता पाटील भारी," तर विषय बदलायचा. आणि तो जरा थांबून म्हणाला, "त्या दोघी? हो..." तर चहा मागवायचा. मला खाणवाला असाच भेटला. एका लग्नात, पंगतीत, रोहिणी हट्टंगडींवरून.

झालं असं, की आई 'चार दिवस सासूचे' रोज बघायची. 2001 ते 2013, बारा वर्षं, आमच्या घरी रात्रीचं जेवण आशालता देशमुखच्या परवानगीने व्हायचं. मी शेजारी बसून बघायचो आणि मनात म्हणायचो, आई, ही बाई कस्तुरबा होती हे तुला माहीत आहे. पण 1981 साली हिनेच रंगमंचावर मित्रा केली, विनय आपटेंच्या दिग्दर्शनाखाली, हे तुला सांगितलं तर तू काय विचारशील? आणि मी काय सांगेन? सांगितलं नाही. पंगतीत शेजारच्या माणसाला सांगितलं, सहज, मठ्ठा वाढेपर्यंत वेळ जावा म्हणून. त्याने पानातून मान वर केली.

या असल्या माहितीला फालतू म्हणायचं असेल तर म्हणा.

पण मग एका माणसाबद्दल ऐका. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपूरचे, म्हणजे आमच्याच विदर्भातले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कवी होते. फेब्रुवारी 2010मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका पुरुषाबरोबर असताना त्यांचं चित्रण केलं, आणि विद्यापीठाने निलंबित केलं सिरसांनाच. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते घरात मृत सापडले. हंसल मेहतांच्या 'अलीगढ'मध्ये (2016) मनोज बाजपेयी एकटा बसून पेला हातात घेऊन लताबाईंचं गाणं ऐकतो, तो प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. वकील होते, पत्रकार होते, कोर्ट बाजूने होतं. सगळं सिरीयस काम चोख चाललं होतं. पण त्या खोलीत दुसरी खुर्ची रिकामी आहे. "ही लता साठच्या दशकातली, नंतरच्या लतात ते नाही," असं म्हणून भांडण उकरून काढणारं समोर कुणी नाही. मला तो सिनेमा बघताना कायद्याचा राग आलाच, पण त्या खुर्चीने झोप उडवली.

आता आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर हे नुसतं स्वतःचं कौतुक होईल. सगळ्याच गे पुरुषांना नाटक-सिनेमाचं वेड असतं हा समज खोटा आहे; आमचा खाणवाला आयुष्यात फक्त 'बनवाबनवी' आणि 'सीआयडी' बघितलेला माणूस आहे. आणि आमच्या गप्पा नेहमी प्रेमळ असतात असंही नाही. जो जरा मुरडत चालतो त्याची नक्कल आम्हीच सगळ्यात हुबेहूब करतो. डेटिंगच्या ॲपवर 'बायकी नकोत' असं लिहिणारे आमचेच, आणि मावशीवर लोळून हसणारेही आमचेच. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या बैठकीत एकाने ब्रॉडवेचं नाव घेतलं, मी झाडीपट्टीचं घेतलं, तर खोलीत असं काही शांत झालं की मी पुढचा तासभर वेफर्स खाल्ले. तो राग अजून आहे.

पण पलायन? 17 ऑक्टोबर 2023ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्या रात्री बँकवाल्याचा फोन आला. निकालावर आम्ही पाच मिनिटं बोललो असू. मग तो म्हणाला, "जाऊ दे. मले सांग, दायराचा डायरेक्टर कोण?" मी म्हटलं, अमोल पालेकर. "आन् थांगचा?" तोही पालेकरच. पुढे दीड तास. त्या दीड तासात त्याच्या घरी त्याच्यासाठी मुली बघणं सुरू झालंय हे मला कळलं. थेट विचारलं असतं तर त्याने फोन ठेवला असता.

परवा गच्चीवर साड्यांचं मतदान संपल्यावर तोच 'थांग'वर (2006) आला. मृणाल कुलकर्णी त्यात वकील आहे, एक दिवस घरी लवकर येते आणि नवऱ्याला त्याच्या मित्राबरोबर बघते. मास्तर नवऱ्याच्या बाजूने बोलत होता, बिचारा, त्याचं काय चुकलं वगैरे. खाणवाला म्हणाला, शेवटी दोघांचंही वाट्टोळं. बँकवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिचं काय पण? तिले कोणी इचारलं होतं का लग्नाआधी?" कुणी काही बोललं नाही. खाली कुणाच्या तरी उरलेल्या फटाक्यांची माळ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बापाला सांगितलं, चंद्रपूरची मुलगी पाहायला येणार नाही, आणि दुसरी पाहूही नका. का ते सांगितलं नाही. आईने बोलणं टाकलंय, रंगनाथ स्वामींना नवस बोललीय म्हणे. पुढे काय होईल ठाऊक नाही. एका मुलीचं आयुष्य मात्र त्या दिवशी तरी वाचलं. यात कुठली कार्यशाळा नव्हती, समुपदेशन नव्हतं. पालेकरांचा एक जुना सिनेमा होता आणि चिवडा.

हे मी ऑफिसातल्या मित्राला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, बघ, सिरीयस बोललातच ना शेवटी. त्याला साडेनऊ ते बारा दिसणारच नाही, बाराच्या पुढचं तेवढं दिसेल.

काल रात्री साडेअकराला बँकवाल्याचा पुन्हा फोन. माझ्या पोटात धस्स झालं, म्हटलं घरी काहीतरी झालं. तर म्हणे, "ऐक ना, मास्तर अजून प्रभावळकरच म्हणून राह्यला. तू पुण्यात हायेस, काही छापील पुरावा भेटते का पाह्य बे."

आज दुपारी अप्पा बळवंत चौकात जाऊन येतो.