मार्चअखेरची वसुली आणि खोडव्याचे शास्त्र

बंगळूरच्या चामराजपेट भागात कर्नाटक राज्य सहकारी अपेक्स बँकेचे मुख्यालय उभे आहे. या शिखर बँकेतून जिल्हा मध्यवर्ती बँकेकडे आणि तेथून गावच्या सोसायटीकडे पीककर्ज उतरते. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातील मराठी भाषक शेतकऱ्याने हे चामराजपेट बहुधा पाहिलेलेही नसते. तरीही फाल्गुनात त्याच्या रानात काय करावयाचे, याचा निर्णय पुष्कळ अंशी या साखळीच्या हिशेबावर ठरतो.

ऊस तुटून गेला की खोडव्याचे काम चालू होते. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट न जाळता सरीत पसरायचे, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व कुजविणारे जिवाणू टाकायचे आणि पहारीने भोके घेऊन खत मुळाशी द्यायचे. हे सारे पहिल्या पंधरा दिवसांत व्हावे लागते. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट जमिनीत कुजले तर सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते. हे शास्त्र आहे आणि ते खरे आहे.

परंतु याच शास्त्राचा आधार घेऊन शेतकऱ्यास अडाणी ठरविणारे पंडित काही थोडे नाहीत. त्यांच्या मते पाचट जळते ते अज्ञानामुळे. त्यांना आमचा सवाल एवढाच की, छाटणीची मजुरी, कुट्टी यंत्राचे भाडे आणि खताची किंमत त्या पंधरा दिवसांत कोणाच्या खिशातून यावयाची? काडेपेटी मात्र स्वस्त मिळते.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून 14 दिवसांत कारखान्याने पैसे दिले पाहिजेत, विलंब झाल्यास 15 टक्के व्याज दिले पाहिजे. कायदा असा स्पष्ट असूनही थकबाकीसाठी शेतकऱ्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागले आहे. कारखान्याची तारीख लांबते; सोसायटीची लांबत नाही. कर्नाटकात 2023-24 च्या अर्थसंकल्पाने बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा 3 लाखांवरून 5 लाखांवर नेली. घोषणा स्वागतार्हच होती. पण बिनव्याजी सवलत मुदतीत फेड करणाऱ्यालाच मिळते. म्हणून सीझन संपता संपता शेतकरी सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे उचलतो, कर्ज भरतो आणि पुन्हा काढतो. याला गावात ‘नवं-जुनं’ म्हणतात. कागदावर वसुली चोख, व्याज शून्य. चार दिवसांचे खरे व्याज कोणत्याच खात्यात दिसत नाही. नवे कर्ज मंजूर होईस्तोवर खोडव्याचे पंधरा दिवस निघून गेलेले असतात.

वरून येणारा झराच आटत असेल तर विलंब वाढणारच. 2023-24 मध्ये नाबार्डने कर्नाटकास अल्पमुदती शेतीकर्जासाठी 5,600 कोटी रुपयांची मर्यादा दिली होती. 2024-25 साठी ती 2,340 कोटींवर आणली. खुद्द राज्य सरकारने केंद्राकडे हे गाऱ्हाणे नोंदविले. तेही कोणत्या काळात? 2023 च्या दुष्काळात राज्यातील 236 पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले होते आणि केंद्राची मदत मिळविण्यासाठी राज्याला 2024 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते. विहिरी तळाला गेलेल्या अशा वर्षात खोडवा ठेवावा, की रान मोडून कमी पाण्याचे पीक घ्यावे, हा प्रश्न शेतकऱ्याच्या बुद्धीचा राहत नाही. मोडणीच्या नांगरटीला ट्रॅक्टरवाला रोख मागतो. रोख नसली की खोडवा नाइलाजाने राहतो.

आणि ज्याच्या नावावर उताराच नाही, त्याचे काय? 1974 च्या सुधारित कायद्याने कर्नाटकात कुळवहिवाट संपविली. हा जमीनदारीविरोधी लढ्याचा मोठा विजय होता. पुढे मात्र खंडाने जमीन कसणे कागदाबाहेर गेले. 2020 च्या दुरुस्तीने शेतकरी नसलेल्या धनदांडग्यांनाही शेतजमीन खरेदीस मोकळीक मिळाली. शहरात बसलेला मालक उताऱ्यावर, उन्हात पाचट ओढणारा वाटेकरी तोंडी करारावर. बिनव्याजी कर्ज घ्यावयाचा हक्क पहिल्याचा. दुसऱ्याला सावकाराचे दार. पुढल्या वर्षी हेच रान आपल्याकडे राहील की नाही, याची ज्याला शाश्वती नाही, त्याने कर्ब वाढविण्यासाठी आज पदरमोड करावी, हे कोणत्या न्यायात बसते?

म्हणून किसान चळवळीने मागणी नेमकी केली पाहिजे: कारखान्याकडे उसाचे पैसे थकले असतील तितके दिवस सोसायटीच्या फेडीची मुदत आपोआप वाढली पाहिजे आणि प्रत्यक्ष कसणाऱ्यास ग्रामसभेच्या दाखल्यावर पीककर्ज मिळाले पाहिजे. हे निवेदन तहसील कचेरीपुरते न ठेवता थेट चामराजपेटला नेले पाहिजे, आणि तेही ऊसतोड चालू असतानाच.